डेव्हिड बेंकी : वैमानिकांच्या यादीसाठी झटलेला वैमानिक

दोन विमान कंपन्यांचे विलीनीकरण होणार अशी वार्ता आली की वृत्तपत्रांत विमानांची संख्या, हवाई मार्ग आणि कर्जाच्या रकमा झळकू लागतात. वैमानिकांमध्ये मात्र त्या दिवसांत निराळ्याच आकड्याची चर्चा चालते. दोन्ही कंपन्यांच्या याद्या एक झाल्यावर आपला क्रमांक कितवा लागणार, हा तो आकडा. वेतन कराराची मुदत संपलेली असेल आणि नव्या कराराच्या वाटाघाटी अडलेल्या असतील, तर ही चिंता दुणावते. विलीनीकरणाला पाठिंबा द्यावा तर हाती काही राहील की नाही याची शाश्वती नाही, आणि विरोध करावा तर मूळ कंपनीच बुडण्याची भीती. अमेरिकेतील वैमानिकांना हा पेच गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापासून पडत आला आहे. त्यावर कायद्याच्या मार्गाने उत्तर शोधण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, तो डेव्हिड बेंकी स्वतः वैमानिक होता. एअर लाइन पायलट्स असोसिएशन या संघटनेचा तो संस्थापक. ही संघटना 'आल्पा' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते.

बेंकी यांचा जन्म १८९७ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीत मन न रमल्याने त्यांनी तरुणपणीच घर सोडले आणि सैन्यात प्रवेश केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते उड्डाण शिकले आणि लवकरच इतरांना शिकवू लागले. युद्ध संपल्यावर लष्कराला एवढ्या वैमानिकांची गरज उरली नाही. बेंकी यांनी शिकागोजवळच्या चेकरबोर्ड या धावपट्टीवर आपला छोटासा व्यवसाय सुरू केला. जत्रेत कसरती दाखवाव्यात, हौशी लोकांना विमानातून फिरवून आणावे, मिळेल ते सामान वाहून न्यावे, अशी ती उपजीविका होती.

पुढे अमेरिकी सरकारने हवाई टपालाची कामे खाजगी कंपन्यांकडे सोपवण्यास प्रारंभ केला. १९२६ मध्ये शिकागो ते मिनियापोलिस या मार्गावर टपाल नेणाऱ्या पहिल्या काही वैमानिकांत बेंकी होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नॉर्थवेस्ट एअरवेजचेही ते अगदी आरंभीचे वैमानिक. ती नोकरी फार काळ टिकली नाही. काही काळ लष्करी सेवेत काढून १९२८ मध्ये ते बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीत रुजू झाले. ही कंपनी पुढे युनायटेड एअरलाइन्समध्ये समाविष्ट झाली.

त्या काळातील टपाल वैमानिकाचे जीवन किती धोक्याचे होते, याची आज कल्पना करणे कठीण आहे. विमाने उघडी, हवामानाची माहिती अपुरी आणि रात्रीच्या वाटेवर दिव्यांचे मनोरे हाच काय तो आधार. टपाल खाते स्वतः विमाने चालवत होते त्या १९१८ ते १९२७ या काळात तीसहून अधिक वैमानिक मृत्युमुखी पडले. खराब हवामानात उड्डाण नाकारणाऱ्याची नोकरी जाण्याचा संभव असे. वेतन चांगले होते, परंतु ते कायम राहील याची हमी कोठेही लिहून दिलेली नव्हती. १९२९ नंतर मंदी आली आणि कंपन्यांनी पहिली कात्री वैमानिकांच्या वेतनाला लावली.

वैमानिक स्वतःला कामगार मानत नसत, ही यातली मोठी अडचण होती. वर्तमानपत्रे त्यांना वीरपुरुष म्हणत आणि त्यांनाही ते आवडत असे. खाणकामगार किंवा रेल्वे कर्मचारी यांच्याप्रमाणे संघटना करायची, ही कल्पना अनेकांना कमीपणाची वाटे. शिवाय संघटनेत नाव आले तर नोकरी जाणार हे उघड होते. बेंकी यांनी पत्रे लिहून, विमानतळांवर गाठीभेटी घेऊन, प्रत्येक कंपनीतील एक-दोन विश्वासू माणसे हेरली. २७ जुलै १९३१ रोजी शिकागोच्या मॉरिसन हॉटेलात त्यांची गुप्त बैठक झाली आणि आल्पाची स्थापना झाली. बेंकी अध्यक्ष झाले. दिवसा युनायटेडचे विमान चालवायचे आणि उरलेल्या वेळेत संघटनेचा पत्रव्यवहार पाहायचा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पुढच्याच महिन्यात संघटना अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या देशव्यापी कामगार महासंघाशी संलग्न झाली.

पहिली कसोटी सहा-सात महिन्यांतच आली. मोटारींच्या व्यवसायातून विमान क्षेत्रात उतरलेले उद्योगपती ई. एल. कॉर्ड यांनी सेंच्युरी एअर लाइन्स ही कंपनी काढली होती. शिकागो, सेंट लुईस, क्लीव्हलँड अशा शहरांदरम्यान स्वस्त दरात प्रवासी नेणारी ही कंपनी टपालाचे सरकारी कंत्राट मिळवण्यासाठी धडपडत होती. खर्च कमी करून दाखवण्यासाठी कॉर्ड यांनी वैमानिकांचे महिन्याला ३५० डॉलर असलेले वेतन निम्म्याहून खाली आणण्याचे ठरवले. फेब्रुवारी १९३२ मध्ये वैमानिक शिकागोच्या विमानतळावर कामावर आले, तेव्हा पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले. नव्या अटी मान्य करा, मगच आत या, असा प्रकार होता. तेवीस वैमानिक बाहेर राहिले. तो संप होता की टाळेबंदी, यावरही नंतर वाद झाला.

तेवीस माणसांच्या बळावर कॉर्ड यांना नमवणे अशक्य होते. मंदीच्या दिवसांत बेकार वैमानिक हवे तितके मिळत होते. बेंकी यांनी लढ्याची जागाच बदलली. कॉर्ड यांना जे टपालाचे कंत्राट हवे होते ते वॉशिंग्टनमधून मिळणार होते, म्हणून बेंकी तक्रार घेऊन वॉशिंग्टनला गेले. संसद सदस्य फियोरेलो ला गार्डिया हे स्वतः पहिल्या महायुद्धातील वैमानिक. त्यांनी सभागृहात कॉर्ड यांच्यावर कडक टीका केली. कॉर्ड यांना कंत्राट मिळाले नाही. एप्रिल १९३२ मध्ये त्यांनी सेंच्युरी ही कंपनी अमेरिकन एअरवेजच्या मालक कंपनीला विकून टाकली.

हा आल्पाचा पहिला विजय मानला जातो. मात्र त्यातील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. वेतनकपात हाणून पाडली गेली, पण ज्या कंपनीत परत जायचे ती कंपनीच उरली नाही. सेंच्युरीचे मार्ग आणि विमाने नव्या मालकाकडे गेली. वैमानिकांची ज्येष्ठता मात्र कोणाकडेच गेली नाही, कारण ती सांभाळणे बंधनकारक करणारा नियमच नव्हता. एवढेच नव्हे, तर विक्रीत मिळालेल्या समभागांच्या बळावर कॉर्ड यांनी वर्षभराच्या आत त्या मालक कंपनीवरच ताबा मिळवला. ज्यांच्याशी भांडण झाले तेच अधिक मोठ्या कंपनीचे स्वामी झाले. पुढे कॉर्ड यांनी आल्पाशी जुळवून घेतले ही गोष्ट वेगळी.

कंपनीशी होणारा करार कंपनीबरोबरच संपतो, कायदा मात्र मागे राहतो. बेंकी यांच्या यापुढच्या साऱ्या खटपटीची दिशा हीच राहिली.

१९३३ मध्ये बोइंग २४७ हे नवे विमान आले. जुनी तीन इंजिनांची फोर्ड विमाने ताशी शंभर-सव्वाशे मैल जात. नवे विमान दीडशेहून अधिक मैल जाऊ लागले. वैमानिकांचे वेतन तोवर मुख्यतः अंतरावर, म्हणजे मैलांवर ठरत असे. कंपन्यांनी आता ठराविक ताशी दर देऊ केला. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या बदलात मोठी रक्कम अडकलेली होती. त्याच तासात वैमानिक अधिक प्रवासी अधिक दूर नेणार होता, परंतु वाढलेल्या वेगाचा सारा लाभ कंपनीच्या पदरात पडणार होता. बेंकी यांनी देशव्यापी संपाचा इशारा दिला आणि प्रकरण रूझवेल्ट सरकारच्या राष्ट्रीय कामगार मंडळाकडे गेले.

मंडळाने १० मे १९३४ रोजी दिलेला निर्णय 'निर्णय क्रमांक ८३' या नावाने वैमानिकांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मूळ वेतन, विमानाच्या वेगानुसार वाढत जाणारा ताशी दर आणि त्यावर मैलांचा मोबदला, अशी तिहेरी रचना त्यात होती. महिन्याला ८५ तासांहून अधिक उड्डाण करायला लावू नये, असे बंधनही त्यात घातले होते. निर्णय हाती पडल्यावर बेंकी थांबले नाहीत. त्याच वर्षीच्या हवाई टपाल कायद्यात त्यांनी तो समाविष्ट करून घेतला. १९३६ मध्ये रेल्वे कामगार कायद्याची व्याप्ती विमान कंपन्यांपर्यंत वाढली. १९३८ च्या नागरी विमान वाहतूक कायद्यातही निर्णय क्रमांक ८३ कायम राहिला आणि अपघातांच्या चौकशीसाठी स्वतंत्र सुरक्षा मंडळाची तरतूद झाली. संसदेच्या दालनांत तासन्‌तास ताटकळणारा, अवघडून बोलणारा हा धिप्पाड वैमानिक तोवर खासदारांच्या चांगल्या परिचयाचा झाला होता. वकिली भाषा त्यांना येत नसे. पण बर्फात इंजिन बंद पडते तेव्हा काय होते, हे ते अनुभवाने सांगू शकत.

तो अनुभव खराच होता. डिसेंबर १९३४ मध्ये शिकागोजवळ त्यांच्या बोइंग २४७ ची इंजिने बर्फामुळे बंद पडली आणि विमान कोसळले. सर्वजण बचावले, पण बेंकी जखमी झाले. त्यानंतर त्यांनी पूर्ण वेळ संघटनेलाच दिला.

आल्पाचा पहिला रीतसर करार १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सबरोबर झाला. एकेकाळी कॉर्ड यांनी ताब्यात घेतलेल्या त्याच समूहाची ही कंपनी.

दुसऱ्या महायुद्धानंतर चार इंजिनांची मोठी विमाने आली आणि १९३३ चाच वाद नव्या आकड्यांनिशी उभा राहिला. ऑक्टोबर १९४६ मध्ये टीडब्ल्यूए या कंपनीच्या वैमानिकांनी संप केला. तो २५ दिवस चालला आणि वाद लवादाकडे सोपवून मिटला. जनमत मात्र या वेळी वैमानिकांच्या बाजूने नव्हते. सर्वसामान्य अमेरिकी माणसाच्या दृष्टीने त्यांचे वेतन भरमसाट होते आणि बेंकी यांना वार्ताहरांना समजावून सांगण्याची हातोटी नव्हती.

१९४८ हे वर्ष अधिक कठीण ठरले. फ्लोरिडातील नॅशनल एअरलाइन्सच्या विमानाला १९४५ मध्ये उतरताना अपघात झाला होता. कंपनीने वैमानिकाला काढून टाकले. त्याच्या बडतर्फीबाबत त्रयस्थ पंचाचा निर्णय घ्यावा, ही संघटनेची मागणी होती. कंपनीचे प्रमुख टेड बेकर यांनी ती मानली नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये संप सुरू झाला आणि बेकर यांनी नवे वैमानिक भरती करून विमाने चालू ठेवली. संप दहा महिन्यांच्या घरात गेला. दरम्यान सप्टेंबरमध्ये केंद्रीय विमान वाहतूक मंडळाने नॅशनल ही कंपनी मोडून तिचे मार्ग इतर कंपन्यांना वाटून द्यावेत काय, याची चौकशी सुरू केली.

संपावरच्या वैमानिकांपुढे आता विचित्र निवड उभी होती. कंपनी मोडली तर बेकर यांचा पराभव झाला असता. पण मग आपण कोणाच्या यादीत जाणार? इतर कंपन्यांच्या यादीत शेवटचा क्रमांक मिळाला, तर दहा वर्षांचा कॅप्टन पुन्हा सहवैमानिकाच्या आसनावर बसणार. आणि कंपनी टिकली, तर संपकाळात भरती झालेले लोक यादीत कोठे असतील? बेकर यांनाही कंपनी गमावण्याची धास्ती होतीच. नोव्हेंबर १९४८ मध्ये समेट झाला आणि वैमानिक कामावर परतले. नॅशनलचे विभाजन झाले नाही. संप मोडून काम केलेले आणि संप केलेले वैमानिक यापुढे एकाच विमानात शेजारी बसणार होते, आणि हा कडवटपणा वर्षानुवर्षे टिकला.

त्याच वर्षअखेरीस दुसरे प्रकरण उद्‌भवले. अमेरिकन एअरलाइन्सने आपली अटलांटिक पार जाणारी शाखा, अमेरिकन ओव्हरसीज एअरलाइन्स, पॅन अॅम या कंपनीला विकण्याचा करार केला. विमान वाहतूक मंडळाचे बहुमत विरोधात होते. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी ते डावलून जुलै १९५० मध्ये संमती दिली. तोवर दीड वर्षाहून अधिक काळ ओव्हरसीजच्या वैमानिकांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. या वादात कंपनीविरुद्ध संघटना असा सरळ सामना नव्हता. ओव्हरसीजचे वैमानिक आल्पाचे सभासद आणि पॅन अॅमचेही आल्पाचेच. एकाला वर घ्यावे तर दुसरा खाली जातो. नोकरीची तारीख प्रमाण मानली तर एका गटाचा फायदा, दोन्ही याद्या प्रमाणात गुंफल्या तर दुसऱ्याचा. ज्या संघटनेने वैमानिकांना एकत्र आणले, तिलाच आता दोन सभासदांमध्ये न्याय करायचा होता. हा वादही अखेर लवादापुढे गेला.

भारतीय वाचकांना हे चित्र अपरिचित नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले, पण वैमानिकांच्या वेतनश्रेणी आणि याद्या वेगळ्याच राहिल्या. समान वेतनासाठी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २०११ मध्ये संप केला. पुढच्याच वर्षी पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक ५८ दिवस संपावर होते. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळणार, हे त्या संपाचे प्रमुख कारण होते. सेवाशर्तींचा मेळ घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती सरकारला नेमावी लागली. विस्तारा कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, त्यापूर्वी त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये नव्या वेतनरचनेवरून तिच्या वैमानिकांत नाराजी पसरली आणि अनेक उड्डाणे रद्द करावी लागली.

बेंकी यांच्या काळातच अमेरिकेत या प्रश्नावर एक वाट निघाली होती. रेल्वे कंपन्या आणि त्यांच्या कामगार संघटना यांच्यात १९३६ मध्ये एक करार झाला होता. विलीनीकरणामुळे ज्याचे पद किंवा वेतन घटेल त्याला काही वर्षे भरपाई द्यावी, असे त्यात ठरले होते. विमान वाहतूक मंडळाने युनायटेड-वेस्टर्न आणि पॅन अॅम-ओव्हरसीज या प्रकरणांत त्याच धर्तीच्या अटी घातल्या. दोन याद्या न्याय्य रीतीने एकत्र करणे ही विलीनीकरणाच्या मंजुरीचीच अट झाली. हे तत्त्व १९७२ मध्ये अॅलेघेनी-मोहॉक विलीनीकरणात अधिक तपशीलवार मांडले गेले आणि २००७ मध्ये मॅकॅस्किल-बाँड कायद्याने त्याला संसदेची मान्यता मिळाली. १९३२ मध्ये सेंच्युरीच्या तेवीस वैमानिकांपाशी यातले काहीच नव्हते.

बेंकी यांचे स्वतःचे दिवस मात्र फिरले होते. काही हजार सभासदांची संघटना ते अजूनही आपल्या खिशातल्या वहीप्रमाणे चालवत. लहानसहान पत्रेही स्वतः तपासायची, अधिकार कोणाला द्यायचे नाहीत, कोणावर विश्वास टाकायचा नाही, हा त्यांचा स्वभाव प्रकृती ढासळल्यावर अधिकच बळावला. शिकागोच्या विमानतळाजवळ संघटनेची नवी इमारत उभारण्यात त्यांचे मन इतके गुंतले की वाटाघाटी मागे पडल्या. विमानांचा वेग वाढत चालल्याने महिन्याच्या तासांप्रमाणेच मैलांवरही मर्यादा असावी, अशी त्यांची मागणी होती. ती तर्काला धरून होती, पण कंपन्या ती मान्य करेनात आणि बेंकी ती सोडेनात. त्यामुळे अनेक कंपन्यांतील करार रखडले. युद्धकाळात घडलेल्या तरुण वैमानिकांना संसदेतील जुन्या लढाया ठाऊक नव्हत्या. त्यांना आपला रखडलेला करार दिसत होता. त्यांची तक्रार रास्त होती, आणि बेंकी यांना ती कृतघ्नपणा वाटली.

जून १९५१ मध्ये बेंकी यांच्याच जुन्या कंपनीत, युनायटेडमध्ये, वैमानिकांचा संप झाला. पुढच्या महिन्यात संघटनेच्या कार्यकारी मंडळाने बेंकी यांना अध्यक्षपदावरून दूर केले आणि ब्रॅनिफ कंपनीचे वैमानिक क्लॅरेन्स सायेन यांची निवड केली. सन्मानाने निवृत्त होण्याची तडजोड बेंकी यांनी नाकारली. ते मुख्यालय सोडायला तयार नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले. दुसऱ्या कोणा वैमानिकाला आपल्या मालकाविरुद्ध ज्या पायरीवर उभे राहावे लागते, त्याच पायरीवर संस्थापक आपल्या संघटनेविरुद्ध उभा राहिला. १९५२ मध्ये वाद मिटला आणि त्यांना निवृत्तिवेतन देण्याचे ठरले.

त्या वर्षी विलीनीकरणाची लाट वाढत होती. ऑगस्ट १९५२ मध्ये सायेन यांची ब्रॅनिफ आणि मिड-कॉन्टिनेंट या कंपन्या एक झाल्या. एप्रिल १९५३ मध्ये हृदयविकाराने बेंकी यांचे निधन झाले. १ मे १९५३ रोजी डेल्टा आणि शिकागो अँड सदर्न या कंपन्यांचे विलीनीकरण अमलात आले, आणि त्यांच्या वैमानिकांच्या दोन याद्या एक करायच्या होत्या.